वरची फळी, खालची फळी

हॅमिल्टनच्या आमच्या त्या घरात खरी ऊब एकाच ठिकाणी होती, ती म्हणजे बोळातल्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात. बाकीचं घर लाकडी आणि पातळ भिंतींचं होतं. जून लागला, म्हणजे इथली थंडी सुरू झाली, की खिडक्यांच्या आतल्या बाजूनं पाणी ओघळायचं, आणि रात्रपाळीहून आलेली आई कोट काढायच्या आधी जुन्या टॉवेलानं ते टिपत सुटायची. नदीवरून आलेलं धुकं अकरा वाजेपर्यंत अंगणातून हलत नसे. कपाटात मात्र ती उंच टाकी दिवसरात्र बारीक आवाज करत उभी असायची, आणि तिच्या वर लाकडी पट्ट्यांच्या दोन फळ्या होत्या. ऊब वरपर्यंत जावी म्हणून पट्ट्यापट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवलेली होती. इथली माणसं अशा कपाटात चादरी आणि टॉवेल ठेवतात. आम्ही काय ठेवलं आणि त्याचं काय झालं, ते कागदावर उतरवायला मला चाळिशी उलटावी लागली. त्या फटींकडे तेव्हा आमच्यापैकी कुणाचंही लक्ष गेलं नव्हतं.

बाबा मूळचे सांगलीचे, शिक्षणानं केमिस्ट. देश सोडून आल्यावर पहिली दोन वर्षं त्यांनी ईस्ट टामाकीच्या एका गोदामात खोकी उचलली. मग हॅमिल्टनजवळच्या दूध पावडरच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि आम्ही ऑकलंडहून इथे आलो. नळ्यांच्या तोंडांवरून कापसाचे बोळे फिरवायचे आणि त्यात जंतू उगवतात का ते पाहायचं, हे त्यांचं काम. इतर माणसांच्या बोलण्यात शेजारपाजार येतो तसे बाबांच्या बोलण्यात जंतू यायचे. अमक्या जंतूला ऊब आवडते, तमका थंडीत तग धरतो, तिसरा वरून गरीब दिसतो पण महाबिलंदर. आईनं एकदा त्यांना विचारलं होतं की आमच्या माहेरच्यांपैकी कुणाची एवढी माहिती ठेवली आहे का.

बिअर करायला त्यांना शिकवलं शेजारच्या केव्हिननं. केव्हिन कारखान्यातूनच निवृत्त झालेला, थंडीतही हाफ पँट आणि रबरी सपाता घालून कुंपणापाशी उभा राहणारा माणूस. बाबांना पिण्याची फारशी आवड नव्हती. अर्धा ग्लास घेतला की तेवढ्यावर त्यांची संध्याकाळ निघायची. त्यांना आवडायचा तो करण्याचा भाग, आणि त्यातही सुरुवातीचा, यीस्ट वाढवायचा. केव्हिन त्याला स्टार्टर म्हणायचा, बाबा म्हणायचे बिअरचं विरजण. पाण्यात माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या जवाची, पिठी घालून ते दहा-पंधरा मिनिटं खळखळून उकळायचं. ओल्या पोत्यात गूळ ठेवल्यासारखा वास घरभर पसरायचा. मग ते काचेच्या शंकुपात्रात ओतून, तोंडाला फॉइल लावून, सिंकमध्ये गार पाण्यात ठेवायचं. खरं भय इथून सुरू होतं, असं बाबा सांगायचे. उकळतं होतं तोवर त्यात कुणी जगत नव्हतं. आता ते कोमट आणि गोड आहे, म्हणजे हवेतल्या प्रत्येकाला आमंत्रण आहे. म्हणून पात्राचं तोंड स्पिरिटनं पुसायचं, हात आयोडीनच्या पाण्यात बुडवायचे, खिडकी बंद करायची, श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घ्यायचा, आणि मागच्या बिअरमधून राखून ठेवलेलं यीस्ट एका झटक्यात आत ओतून परत फॉइल लावायचं. फॉइलवर पट्टी, पट्टीवर तारीख. दोन दिवस ते पात्र टाकीच्या कपाटात ठेवायचं आणि येता-जाता हलवायचं. हलवायचं काम माझ्याकडे होतं. तळाशी मऊ, बदामी थर साचायचा आणि पावाचा नि सफरचंदाचा वास यायचा. मला त्या थराचं कौतुक होतं. कुणी पाहत नसताना मी त्याच्याशी बोलायचेसुद्धा.

केव्हिनच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत एक पांढरी, चकचकीत रेघ होती. मी एकदा बघत राहिले तेव्हा त्यानं हात पुढे करून दाखवली. "बाटली," तो म्हणाला. यीस्टबरोबर दुसरंच काही शिरलं की बिअर आधी बरी लागते. पण ते उपरं थांबत नाही. यीस्टनं सोडून दिलेली साखर ते बाटलीत बसून महिनोन्‌महिने खात राहतं, आत वायू कोंडत जातो, आणि एका उबदार दिवशी काच फुटते. "इफ इन डाउट, टिप इट आउट," असं म्हणून त्यानं हात झटकला. शंका आली की ओतून टाकायचं. बाबांनी ते वाक्य घरात इतकं म्हटलं की आई शिळी आमटीसुद्धा त्याच चालीवर टाकायला लागली.

आजी आली ती मेमध्ये, फिजोआची हिरवी फळं झाडाखाली पडतात त्या दिवसांत. बाबांची आई, पहिल्यांदाच परदेशी, सहा महिन्यांसाठी. विमानतळावर तिची बॅग उघडून लोणच्याची बरणी, ओलं खोबरं आणि साजूक तूप काढून घेतलं, तेव्हा ती त्या अधिकाऱ्याला मराठीत म्हणाली होती की बाळा, निदान खाऊन तरी टाक. विरजण आणता येणार नाही हे तिला आधीच कळवलं होतं. दुकानातलं दही तिला पटेना. त्याला तार सुटत नाही, असं ती म्हणाली. मग तिनं कोमट दुधात लाल मिरचीची देठं टाकली आणि ती वाटी टाकीच्या कपाटात ठेवून दार लावलं. दुसऱ्या दिवशी दही लागलं होतं, जरा उग्र, पण दही. चार-पाच वेळा लावल्यावर ते असं घट्ट आणि मधुर व्हायला लागलं की आईच्या हॉस्पिटलातल्या मराठी नर्स आणि फार्मसीतला एक मुलगा, असे सगळे आमच्याकडे वाटी घेऊन यायला लागले. दिवेलागणीनंतर आलेल्याला आजी विरजण देत नसे. त्याला चहा देऊन, गप्पा मारून, उद्या ये म्हणून परत पाठवायची. मग दह्यापाठोपाठ इडलीचं पीठ आलं. तेही त्याच कपाटात, त्याच उबेला.

बाबांच्या बिअरला ती 'ते' म्हणायची. "तुझं ते उकळतंय बघ." तिच्या सख्ख्या भावाचं पिण्यापायी वाटोळं झालं होतं आणि त्याविषयी ती एक शब्द बोलायची नाही. पण बाबांची ती हात बुडवायची, तोंड पुसायची गडबड बघून तिला हसू यायचं. "माझ्या सासूबाई लोणच्याला एवढं सोवळं पाळायच्या," ती म्हणाली, "माझा लेक दारूला पाळतोय. काढलंस रे नाव." बाबाही हसले. जूनच्या शेवटी मात्र त्यांची एक बिअर आंबट झाली. त्यांनी ती मोरीत ओतली आणि स्वयंपाकघरात येऊन सरळ म्हणाले, "आई, तुझं दही आणि पीठ त्या कपाटातून हलव. तुझे जंतू माझ्यात येतायत."

माणसाला कळत नाही आपण काय बोललो. बाबा कारखान्यात बोलायचे तसं बोलले होते. आजीनं ऐकलं ते वेगळंच. "माझे जंतू," ती म्हणाली. "माझ्या हातचं खाऊन एवढा झालास. तेव्हा नाही आले ते जंतू?" मग तिनं दह्याची वाटी बाहेर काढून ओट्यावर ठेवली आणि खोलीत जाऊन दार लावलं. तीन दिवस ती जेवायला बाहेर आली, पण बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं आईला विचारलं, तिकीट अलीकडचं करता येतं का. आईनं बाबांना गाडीत बसवून, आम्हा कुणाला ऐकू येणार नाही अशा बेतानं, काय सुनवायचं ते सुनवलं. बाबा आत आले, आजीच्या दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "आई, वरची फळी तुझी, खालची माझी. बस्स?" आजी बाहेर आली. त्या रात्री घरात पिठलं-भात झाला आणि पुन्हा हसणं ऐकू आलं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. मला वाटलं, हा तह टिकवणं हेच आता आपलं काम. असं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मुलींना अशी कामं न सांगताच कळतात.

जुलैच्या सुट्टीतली ती शनिवारची सकाळ. रविवारी आईच्या मैत्रिणी इडल्या खायला येणार होत्या, म्हणून आजीनं नेहमीच्या दुप्पट पीठ वाटून मोठं पातेलं जवळजवळ काठोकाठ भरून वरच्या फळीवर ठेवलं होतं. खालच्या फळीवर बाबांचं पात्र होतं. ख्रिसमसला केव्हिनकडे द्यायच्या बिअरचा हा स्टार्टर. बाबा पहाटेच पाळीला गेले होते, आई यायची होती, आजी न्हाणीत होती. मी पात्र हलवायला कपाटाचं दार उघडलं आणि आंबट, गरम वास तोंडावर आला. पीठ उतू गेलं होतं. पातेल्याच्या अंगावरून पांढरे ओघळ पट्ट्यांवर आले होते, आणि पट्ट्यांच्या फटींतून खाली बाबांच्या पात्रावर. फॉइलवर पिठाचा एक गोळा बसला होता. मी फॉइल उचललं. घडीच्या आत, काचेच्या ओठावर, एक पांढरी रेघ होती. ती आत उतरली होती की नाही, कळायला मार्ग नव्हता. आतलं पाणी आधीच गढूळ होतं.

शंका आली की ओतून टाकायचं. वाक्य मला पाठ होतं. पण ओतलं तर सांगावं लागणार होतं, आणि सांगितलं तर ते 'तुझे जंतू' पुन्हा स्वयंपाकघरात येणार होते, आणि या वेळी आजी तिकीट बदलल्याशिवाय राहिली नसती. न्हाणीतलं पाणी बंद झाल्याचा आवाज आला. मी ओल्या फडक्यानं पात्र पुसलं, पट्ट्या पुसल्या, ड्रॉवरमधून नवं फॉइल फाडून लावलं, जुनी पट्टी जपून सोडवून त्यावर चिकटवली. माझ्या मते अगदी हुबेहूब झालं. हात धुवायचं मला सुचलं ते नंतर. संध्याकाळी बाबांनी पात्र उजेडाकडे धरलं, थोडा वेळ तसेच उभे राहिले, झाकण सैल करून वास घेतला. "बरंय," ते म्हणाले, आणि रविवारी सकाळी त्यांनी तो स्टार्टर वीस-बावीस लिटर माल्टच्या पाण्यात ओतला. त्याच वेळी आईच्या मैत्रिणी आत बसून इडल्यांची तारीफ करत होत्या. इडल्या खरोखरच हलक्या झाल्या होत्या.

पुढचे दोन आठवडे गॅरेजमधल्या पिंपाच्या झाकणावरची नळी बुळुक बुळुक करत राहिली. नेहमी हा आवाज सात-आठ दिवसांत थांबायचा. या वेळी थांबला, आणि मग दोन दिवसांनी परत एकेक बुडबुडा यायला लागला. बाबांनी ऑगस्टच्या मध्यावर बाटल्या भरल्या, जाड तपकिरी काचेच्या, दाबून झाकणं बसवायच्या. दोन क्रेट गॅरेजच्या मागच्या भिंतीपाशी, कपडे धुवायच्या मशीनशेजारच्या बुटक्या फळीवर ठेवले. मी विचारलं, "उघडायची कधी?" एरवी तीन आठवड्यांत ते पहिली बाटली उघडायचे आणि मला फेस दाखवायचे. "ही मुरू दे," ते म्हणाले. "ख्रिसमसपर्यंत कुणी हात लावायचा नाही." मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांना नेहमीपेक्षा वेगळं का वागावंसं वाटलं, हे विचारायची अक्कल मला तेव्हा नव्हती.

आजी त्या सुमाराला गोधडी शिवत होती. आईचे विटलेले निळे युनिफॉर्म, तिच्या स्वतःच्या दोन नऊवारी, बाबांचा एक शर्ट. थंडीत माझी बोटं गार पडतात म्हणून ती माझ्यासाठी. दुपारी ऊन गॅरेजच्या दारात यायचं, तिथे खुर्ची टाकून ती बसायची. पाठीमागे कपडे वाळत असायचे आणि त्यांच्या पलीकडे ते दोन क्रेट. टाके इतके एकसारखे की केव्हिनची बायको कुंपणावरून म्हणायची, मशीनवर केलंय का. सप्टेंबर संपताना गोधडी पुरी झाली.

ऑक्टोबरच्या अखेरीस, लेबर वीकेंडच्या सुट्टीत, पहिला खरा उन्हाळी दिवस पडला. घरात कुणी नव्हतं. माझ्या मनातली ती पांढरी रेघ तीन महिन्यांत पुसली गेली नव्हती, म्हणून मी एक बाटली मागच्या अंगणात नेली आणि ओपनर लावला. झाकण माझ्या हातातून उडून शेडच्या पत्र्यावर आपटलं. बाटलीतून फेस उसळला तो माझ्या डोक्याच्या वर गेला आणि थांबेचना. बाटली रिकामी झाल्यावरच थांबला. तळाशी दोन घोट उरले होते. मी चाखून पाहिलं. ताकासारखं आंबट होतं. मी हिरवळीवर बसून राहिले. केव्हिनच्या हातावरची रेघ मला दिसत होती. कुंपणापलीकडे तो गवत कापत होता, मशीनचा आवाज येत होता. त्याच्याकडे गेले असते तर हातमोजे आणि गॉगल घालून, बाटल्या बर्फात गार करून त्यानं एकेक उघडून ओतून टाकली असती. तासाभराचं काम. पण केव्हिनचा आवाज खणखणीत होता, आणि संध्याकाळी बाबांना त्यानं कुंपणावरूनच सगळं सांगितलं असतं. आजी ते ऐकणार. तिचं तिकीट नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याचं होतं. तीन आठवडे राहिले होते. मी स्वतःशी ठरवलं, आजी गेली की सांगू.

आणि मधल्या काळात काही होऊ नये म्हणून मी घरातली सगळ्यांत जाड वस्तू आणून त्या क्रेटांवर घातली. गोधडी. फुटलीच एखादी, तर काच अडेल. आजीला दिसू नये म्हणून तिच्यावर एक जुनी चादर टाकली. मला त्या युक्तीचा अभिमानसुद्धा वाटला होता, हे आज लिहिताना कान गरम होतात. कारखान्यांच्या प्रयोगशाळांतून काम करत मी आता बाबांच्याच वाटेनं इथवर आले आहे, आणि नव्यानं आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते की अर्धवट काळजी ही निष्काळजीपणाहून वाईट. निष्काळजी माणूस निदान गोधडी आणून घालत नाही.

ते तीन आठवडे मी कसे काढले ते सांगता येत नाही. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा होती, समोर पुस्तक असायचं आणि कान गॅरेजकडे. ऊन वाढत होतं. आजी बॅग भरायला लागली होती. "मने, तुझी गोधडी कुठाय गं? एकदा उन्हात घालून घडी करून देते," ती म्हणाली. "कपाटात असेल," मी म्हटलं. दोन दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "शोधते." ती माझ्याकडे एकदा बघून मेथी निवडायला लागली.

तिच्या जाण्याला पाच दिवस उरले होते. भर दुपार. बाबा कामावर, आई रात्रपाळी करून झोपलेली, मी जेवणाच्या टेबलाशी. आजी धुतलेले कपडे घेऊन गॅरेजमध्ये गेली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग जाड, ओला असा एक आवाज, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा. मग काच फरशीवर घरंगळत गेली. आजी ओरडली नाही. मला वाटलं, ती तिथे नव्हतीच, अंगणात होती. मी धावत गेले.

ती उलट्या बादलीवर बसली होती. मांडीवर गोधडी, डाव्या डोळ्यावर पदर धरलेला, पदर लाल होत चाललेला. फरशीभर फेस आणि काचा. तिनं उजव्या डोळ्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. "थांब," ती म्हणाली. "आधी चपला घाल. काच आहे."

आई गाऊनवरच धावत आली आणि दाराशी पोचेपर्यंत नर्स झाली. पदर दाबू नका म्हणाली, हात बाजूला केला, कागदी पेला डोळ्यावर पालथा धरून चिकटपट्टीनं बसवला, गाडी काढली. मला म्हणाली, मागे बस आणि त्यांचं डोकं हलू देऊ नकोस. हॉस्पिटलपर्यंतच्या त्या पंधरा मिनिटांत आजी एकदाच बोलली. "उन्हात घालायची होती गोधडी," ती म्हणाली. "भिजली आता."

दोन ऑपरेशनं झाली. डोळा राहिला, नजर गेली. पहिल्याच संध्याकाळी बाबा कारखान्याच्या पांढऱ्या कपड्यांतच हॉस्पिटलात आले. आई अपघाताचा फॉर्म भरत होती. कसं घडलं, या रकान्यापाशी तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "तिला प्रत्येक गोष्टीला हात लावायची सवयच आहे." मला वाटलं, गोधडी उचलली त्याबद्दल बोलतायत. आजीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी एकटीच तिच्याजवळ होते. तोंडात शब्द जुळवत होते, कुठून सुरू करावं. तीच बोलली. "मने, ते फॉइल बदललंस त्या दिवशी, हात धुतले होतेस का गं?"

मी पांघरुणाची कड सारखी करत राहिले. ती म्हणाली, "पातेल्याच्या बुडाला पीठ वाळलेलं होतं. फळी मात्र लख्ख, आणि त्या काचेवरचं फॉइल कोरं. मी न्हाऊन आले तेव्हाच दिसलं मला. म्हटलं, पोरीनं झाकलंय, तर आपण कशाला उघडायचं. आणि मला मेलीला काय माहीत गं. मला वाटलं, ते सडवायचंच तर असतं."

"मी बाबांना सांगते," मी म्हटलं. "आजच सांगते."

"नको. त्याला वाटतंय मी हात लावला, तर वाटू दे. माझ्यावर रागावला तर मी ऐकून घेईन, आईच आहे त्याची. तुझ्यावर रागावला तर ते तुम्हा दोघांत कायमचं राहील." मग तिनं चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "आपलेच दात, आपलेच ओठ. गप्प बस."

मी गप्प बसले. मला फार बरं वाटलं, हे सांगितलं पाहिजे. इतकं बरं की तिच्या हातावर डोकं ठेवून मी रडले, आणि ती समजली की मला तिच्या डोळ्याचं वाईट वाटतंय. तेही वाटत होतंच.

आजीचं जाणं लांबलं. मार्चपर्यंत ती राहिली. बाबांनी उरलेल्या बाटल्या केव्हिनबरोबर रिकाम्या केल्या आणि पुन्हा कधी माल्ट आणलं नाही. ते आजीशी नीट वागायचे, औषधाचे थेंब वेळेवर घालायचे, पण दोघांमधली ती जुनी थट्टा संपली. तिला सोवळ्यावरून त्यांना चिडवायचं असायचं आणि ती अर्ध्यावर थांबायची. ते जेवायला बसले की ती वाटीभर दही पुढे सरकवायची, ते खाऊन उठायचे. एका डोळ्यानं तिला सुई ओवता येईना. दोरा नेढ्याच्या शेजारून जायचा. शाळेतून निकाल आले, युनिव्हर्सिटी सुरू झाली, मी रोज येऊन तिच्या सुया ओवून द्यायचे. ती निघाली त्या सकाळी मी तीस सुया ओवून एका जुन्या उशीत टोचून दिल्या. सांगलीला काकांकडे ती आणखी सहा वर्षं जगली. बाबा तिच्या दिवसांना गेले, मी परीक्षेमुळे गेले नाही. काकूनं नंतर ती उशी पाठवली. तिच्यात अकरा सुया ओवलेल्याच होत्या.

गेल्या वर्षी बाबांनी ते घर विकायला काढलं. पाय दुखतात, जिना नको म्हणतात. मी आवराआवर करायला गेले होते. टाकीचं कपाट रिकामं करताना खालच्या फळीवर टॉवेलांच्या मागे ते शंकुपात्र निघालं, धूळ बसलेलं. बाबा बोळात खुर्ची टाकून बसले होते. मी ते त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "बाबा, त्या वेळी याच्यावर इडलीचं पीठ सांडलं होतं. मी पुसून नवं फॉइल लावलं. मी कुणाला सांगितलं नाही."

ते पात्र फिरवून बघत राहिले. "फॉइल बदललंय हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं," ते म्हणाले. "मी चकचकीत बाजू नेहमी आत ठेवायचो. त्या दिवशी ती बाहेर होती. वासही जरा निराळा होता." मग म्हणाले, "मला वाटलं आईनं उघडलं. कुतूहल म्हणून म्हणा, रागानं म्हणा. पुन्हा भांडण नको होतं. म्हटलं फार तर आंबट होईल. ख्रिसमसचं निमित्त सांगून ठेवलं. आई गेली की ओतून टाकणार होतो."

मी फळीला धरून उभी होते. आजी गेली की. हे वाक्य मी तीन आठवडे रोज स्वतःशी म्हणत होते, तेव्हा भिंतीच्या पलीकडे तेही म्हणत होते.

"म्हणजे आईनं हात लावलाच नव्हता," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं मी..." मग पात्राच्या तोंडावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "मी तिच्यावर संशय घेतला होता, हे तिला कळलं नसेल ना गं?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "तिला कुठून कळणार."

त्यांनी मान हलवली, पात्र माझ्याकडे परत दिलं आणि बाहीनं डोळे पुसले. मी ते धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून माझ्या गाडीत ठेवलं. बाबा आता माझ्याकडेच असतात. सकाळी चष्मा लावून मी लिहिलेली पानं वाचतात, शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीनं दाखवतात. हे प्रकरण लिहून मी आठ दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. आज सकाळी ते त्यांच्या चहाजवळ ठेवलं आहे, आणि शेजारच्या खोलीतून पान उलटल्याचा आवाज येतो आहे.